स्थिर म्हणजे बरा नव्हे

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी फेब्रुवारी २०२३मध्ये रुग्णालयाच्या वाऱ्या थांबवल्या आणि घरीच हॉस्पिसची, म्हणजे आयुष्याच्या शेवटी आजार बरा करण्याऐवजी आराम देणारी, सेवा घ्यायला सुरुवात केली. त्यानंतर ते बावीस महिने जगले, शंभरी पाहिली आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी गेले. त्यांच्या पत्नी रोझलिन यांनी हॉस्पिस घेतल्याची बातमी नोव्हेंबर २०२३मध्ये आली आणि दोनच दिवसांत त्या वारल्या. एकाच घरातली ही दोन माणसं. आयुष्य सहा महिन्यांहून जास्त उरलेलं दिसत नाही असा डॉक्टरांचा दाखला ज्या सेवेला लागतो, तिच्यातले हे दोन मुक्काम शेजारी ठेवले की या सेवेवर अमेरिकेत चालणारा वाद किती वरवरचा आहे ते कळतं. एक बाजू म्हणते, सहा महिन्यांपलीकडे जगणारा माणूस मुळात मरणपंथाला लागलेलाच नव्हता, म्हणजे कुठेतरी लबाडी आहे. तेव्हा दर खेपेला तो आणखी खालावल्याचा पुरावा मागा. दुसरी म्हणते, जाणाऱ्या माणसाच्या उशाशी टेप घेऊन त्याच्या दंडाचा घेर मोजणं हाच निर्दयपणा. ही कागदपत्रंच बंद करा. माझं मत दोघांहून वेगळं आहे. खालावण्याची नोंद हवीच, पण आज ती चुकीच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मागितली जाते आणि तशीच लिहिली जाते. रुग्ण गेल्या साठ दिवसांत किती घसरला, हा खरा प्रश्न नाही. तो आज ज्या पायरीवर टिकून आहे ती कशाच्या आधारावर, आणि तो आधार काढून घेतला तर काय होईल, हे नोंदीतून कळायला हवं.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात मुलांजवळ राहणाऱ्या मराठी आईवडिलांच्या पिढीच्या दाराशी हा प्रश्न आता येऊन ठेपला आहे, म्हणून नियम नीट समजून घेऊ. मेडिकेअर हा तिथला प्रामुख्याने पासष्टीपुढच्यांचा सरकारी विमा. त्याच्या हॉस्पिस सवलतीत नर्स घरी येते, आंघोळ घालायला मदतनीस येते, औषधं, वर-खाली होणारी खाट, ऑक्सिजनचं यंत्र हे सगळं मिळतं. त्याबदल्यात मूळ आजार बरा करण्याचे उपचार सोडावे लागतात. दाखल्याचा पहिला टप्पा ९० दिवसांचा, दुसराही ९० दिवसांचा, आणि त्यापुढे ६०-६० दिवसांचे कितीही. पहिल्या दाखल्यावर हॉस्पिसच्या डॉक्टरांची आणि रुग्णाचे नेहमीचे डॉक्टर असतील तर त्यांचीही सही लागते, पुढच्या टप्प्यांना फक्त हॉस्पिसच्या डॉक्टरांची. तिसऱ्या टप्प्यापासून प्रत्येक वेळी, टप्पा सुरू होण्याआधीच्या ३० दिवसांत, डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर (जादा प्रशिक्षण घेतलेली, रुग्ण तपासू शकणारी नर्स) यांनी रुग्णाला समोरासमोर पाहावं लागतं. दाखल्यासोबत डॉक्टरांनी स्वतःच्या शब्दांत टिपण लिहायचं असतं. खुणा करायच्या चौकटी किंवा सगळ्यांना लागू पडणारा साचेबंद मजकूर तिथे चालत नाही. याखेरीज सगळ्या चमूने निदान दर १५ दिवसांनी आराखडा तपासायचा असतो.

या सगळ्यात 'दर टप्प्याला रुग्ण आधीपेक्षा वाईट हवा' असं कुठे लिहिलं आहे? कुठेच नाही. कायद्याचे शब्द 'आजार आपल्या नेहमीच्या गतीने गेला तर' सहा महिने किंवा कमी, असे आहेत. मेडिकेअरची बिलं तपासणाऱ्या कंत्राटदार संस्थांच्या मार्गदर्शक निकषांत तर स्पष्टच म्हटलं आहे की, जो रुग्ण दाखल होताना पात्र होता आणि हॉस्पिसच्या देखभालीत स्थिरावला किंवा थोडा सुधारलाही, पण सहा महिन्यांच्या आत मृत्यूकडे नेणारी घसरण पुढे होईल अशी रास्त अपेक्षा आहे, तो पात्रच राहतो. हे वाक्य वाचणारे लेखापरीक्षक कमी आणि लिहिताना आठवणारे डॉक्टर त्याहून कमी, हे दुखणं आहे.

सहा महिन्यांची रेघ आली कुठून? १९८२मध्ये अमेरिकी काँग्रेसने ही सवलत मंजूर केली तेव्हा हॉस्पिसमध्ये येणारे बहुतेक रुग्ण कॅन्सरचे होते. कॅन्सरचा शेवट बहुधा उतारासारखा असतो: बराच काळ माणूस हिंडता-फिरता, मग काही आठवड्यांत झपाट्याने घसरण. त्या उताराला सहा महिन्यांचं माप बऱ्यापैकी बसत होतं. सुरुवातीला एकूण २१० दिवसांची मर्यादाही होती. ती पुढे गेली आणि १९९७च्या कायद्याने आजची टप्प्यांची रचना आली. पण दरम्यान रुग्ण बदलले. आज स्मृतिभ्रंश, हृदय निकामी होणं, फुप्फुसांचे जुनाट आजार यांचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. हृदयाचा रुग्ण असा सरळ उतरत जात नाही. तो दोन पायऱ्या खाली जातो, एक वर येतो, मग अचानक तीन खाली. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण महिनोन्महिने एकाच पायरीवर बसून राहतो आणि एका न्यूमोनियात जातो. कॅन्सरसाठी कापलेलं माप यांना घालायचं आणि ते बसलं नाही की रुग्णाच्या अंगावर संशय घ्यायचा, हा कुठला न्याय?

हे पूर्वीही होऊन गेलं आहे. १९९५मध्ये सुरू झालेल्या 'ऑपरेशन रिस्टोर ट्रस्ट' या मेडिकेअरमधली फसवणूक शोधणाऱ्या सरकारी मोहिमेत तपासनिसांनी २१० दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या हॉस्पिस रुग्णांच्या फायली उघडल्या. संस्था धास्तावल्या, डॉक्टर रुग्णांना फार उशिरा पाठवू लागले, अशी तक्रार या क्षेत्रातून वर्षानुवर्षं आली. अखेर २०००च्या डिसेंबरमधल्या कायद्याने पुन्हा लिहून द्यावं लागलं की दाखला हा डॉक्टरच्या वैद्यकीय निर्णयावर आधारलेला असतो. आणि तो निर्णय मुळातच कठीण. २००० साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोतल्या अभ्यासात ४६८ हॉस्पिस रुग्णांबद्दल डॉक्टरांचे अंदाज तपासले गेले. बरोबर निघाले ते जेमतेम २० टक्के, आणि सरासरीने डॉक्टरांनी प्रत्यक्षाच्या पाचपट आयुष्य सांगितलं होतं. चूक झाली ती प्रामुख्याने जास्त आशेच्या दिशेने. आजही निम्म्या रुग्णांचा मुक्काम साधारण अठरा दिवसांच्या आतच संपतो. लांबलेल्या मुक्कामांची चर्चा खूप होते. वेदना सोसत वाट पाहून शेवटच्या आठवड्यात आलेल्यांची मात्र कुणी चौकशी लावत नाही.

संशय घेणाऱ्या बाजूचं म्हणणं मात्र हलकं नाही, आणि ते झटकून टाकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. हॉस्पिसला पैसे मिळतात ते दिवसागणिक. नर्स त्या दिवशी आली की नाही यावर घरच्या साध्या सेवेचा दर ठरत नाही. पहिल्या ६० दिवसांनंतर दर कमी होतो हे खरं, तरी शांत पडून असलेला, भेटी कमी लागणारा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण वर्षभर ठेवणं फायद्याचंच असतं. लॉस एंजेलिस परगण्यात हॉस्पिसच्या नावाखाली चाललेल्या फसवणुकीच्या खुणा कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी मार्च २०२२च्या अहवालात मांडल्या. राज्याने नवे परवाने थांबवले आणि २०२३मध्ये केंद्राने अॅरिझोना, कॅलिफोर्निया, नेवाडा आणि टेक्सास या चार राज्यांतल्या नव्या हॉस्पिसवर वाढीव देखरेख लावली. अशा फसवणुकीत फक्त तिजोरी लुटली जात नाही. धडधाकट म्हाताऱ्याला फुकट मदतनीस देतो म्हणून सही घेतली की त्याचा विमा हॉस्पिसकडे वळतो, आणि उद्या त्याला खऱ्या उपचारांची गरज पडते तेव्हा दार बंद दिसतं. हा माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

पण ही फसवणूक खालावल्याचे जास्त पुरावे मागून पकडता येते का? खोटं लिहिणाऱ्याला दर महिन्याला दंडाचा घेर अर्धा सेंटिमीटर कमी लिहायला काय कष्ट पडतात? बनावट फाइल नेहमी नीटनेटकी असते. तिच्यातला रुग्ण ठरल्या वेळी, ठरल्या मापाने घसरतो. अडखळते ती प्रामाणिक फाइल, कारण खरा रुग्ण कधी दोन किलो वाढतो, कधी सणाच्या दिवशी खुर्चीत तासभर बसतो. घसरणीलाच बक्षीस दिलं की अतिशयोक्तीला बक्षीस मिळतं. लबाडी पकडायची तर नर्स खरोखर गेली का, रुग्णाला आपण कशावर सही केली ते ठाऊक आहे का, एकाच पत्त्यावर किती संस्था नोंदलेल्या आहेत, किती रुग्ण जिवंतपणी बाहेर पडतात, शेवटच्या दिवसांत कुणी भेट दिली का, हे पाहावं लागतं. ते काम दारोदार जाऊन करण्याचं आहे.

मग नोंद कशी हवी? इथे जरा तपशिलात जायला हवं, कारण मेडिकेअरचे बहुतेक नकार इथेच जन्मतात. 'भूक मंदावली' हे वाक्य निरुपयोगी आहे. 'दाखल होताना खुर्चीत बसून स्वतःच्या हाताने एक पोळी आणि वाटीभर भाजी वीस मिनिटांत खात होत्या. आता कालवलेला वरणभात सहा-सात चमचे, भरवावा लागतो, पाऊण तास लागतो, दोनदा ठसका' ही नोंद आहे. तिच्यात तुलना आहे, प्रमाण आहे, वेळ आहे आणि पुढचा धोका आहे: ठसका म्हणजे अन्न श्वासनलिकेत जाण्याची शक्यता, म्हणजे न्यूमोनिया. वजनाचंही तसंच. ५८ किलोचे ५२ झाले तर घट दहा टक्क्यांहून थोडी जास्त. पण पायांवर सूज असेल तर पाण्याचं वजन मांस झिजल्याचं लपवतं, आणि सूज उतरवणारी गोळी वाढवली की वजन एकदम उतरतं ते झिजेमुळे नव्हे. म्हणून वजनाशेजारी सूज किती आणि गोळीचा डोस काय हे लिहिलंच पाहिजे. उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर: कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतचा मध्य शोधायचा, खूण करायची, मग हात सैल सोडून टेप न आवळता घेर घ्यायचा. दर वेळी तोच हात, आणि कोणता ते लिहायचं. पक्षाघाताचा किंवा सुजलेला हात टाळायचा. वेगवेगळ्या नर्स वेगवेगळ्या जागी टेप लावतात तेव्हा एक सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकावर कुणी काही सिद्ध करू पाहत असेल तर परीक्षकाने ते नाकारणं योग्यच आहे.

पीपीएस या मापात चालणं, कामं, स्वतःची देखभाल, खाणं-पिणं आणि शुद्ध यांवरून १००पासून दहा-दहाने उतरत गुण देतात. ५० म्हणजे बराचसा वेळ बसून किंवा पडून, ४० म्हणजे बहुतेक वेळ अंथरुणात, ३० म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. संगणकात मागची नोंद पुढे चिकटवण्याची सोय असल्याने नऊ महिने '४०' तसंच राहतं, शब्दशः. मग नर्स '३०' लिहिते आणि त्याच आठवड्यात मदतनिसाच्या कागदावर 'न्हाणीघरापर्यंत हात धरून चालत नेलं' असतं. परीक्षक ही विसंगती पाच मिनिटांत पकडतो आणि सगळ्या फाइलवरचा त्याचा विश्वास उडतो. दोघींपैकी खोटं कुणीच बोललेलं नसतं. एकीने सकाळ पाहिली, दुसरीने संध्याकाळ. त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत.

आता स्थिर रुग्ण. चार महिन्यांत रुग्णालयात जावं लागलं नाही म्हणून 'स्थिर' एवढंच लिहिलं तर तो हॉस्पिसमधून बाहेर काढला जाणार. पण त्या चार महिन्यांत सूज उतरवणारी गोळी तीनदा वाढवली, दोनदा मध्यरात्री नर्स धावली, ऑक्सिजन मिनिटाला दोन लिटरवरून चारवर गेला, दम लागल्यावर घ्यायचं मॉर्फिन आठवड्याला एकदाऐवजी पाचदा लागलं, हे सगळं त्या 'स्थिर' शब्दाच्या आत दडलेलं असतं. तेच लिहायचं असतं. दुष्काळाची पैसेवारी ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी टँकरचं पाणी विकत घेऊन मोसंबीच्या बागा जगवल्या. झाडावर पालवी दिसते म्हणून त्या शिवारात पाऊस पडला असं कुणी म्हणालं असतं का? टँकर बंद करून बघू, झाड वाळलं तर दुष्काळ मान्य करू, असं म्हणणाऱ्याला आपण काय म्हटलं असतं? स्थिर रुग्णाला हॉस्पिसमधून काढून पुढे काय होतं ते पाहणं याहून वेगळं नाही. आणि पालवी दिसली की टँकरच्या पावत्या दाखवणं हे नोंद ठेवणाऱ्याचं कामच आहे.

स्मृतिभ्रंशाच्या मराठी रुग्णांबाबत एक खास अडचण आहे. तिथे 'फास्ट' ही पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात आणि सातवी पायरी गाठलेली असावी लागते: ७अ म्हणजे दिवसभरात जेमतेम अर्धा डझन समजण्याजोगे शब्द, ७ब म्हणजे एखादाच, ७क म्हणजे आधाराशिवाय चालणं गेलं. शिवाय गेल्या वर्षभरात अन्न फुप्फुसात जाऊन झालेला न्यूमोनिया, मूत्रपिंडापर्यंत गेलेला संसर्ग, खोल शय्याव्रणं, सहा महिन्यांत दहा टक्के वजनघट यांसारखं काहीतरी घडलेलं असावं लागतं. आजी इंग्रजी केव्हाच विसरलेली असते, म्हणून एक नर्स 'बोलत नाही' लिहिते. दुसऱ्या नर्ससमोर ती रामरक्षा धडाधड म्हणते आणि फाइलमध्ये 'पूर्ण वाक्यं बोलते' अशी नोंद पडते. दोन्ही चूक. लहानपणी पाठ झालेलं शेवटपर्यंत ओठांवर राहतं. ते बोलणं नव्हे. 'स्तोत्र म्हणते, पण तहान लागल्याचं सांगू शकत नाही. आज दिवसभरात स्वतःहून तीन शब्द: आई, नको, चल' असं घरच्यांनीच नर्सला सांगायला हवं. ज्याला मेंदूतल्या रक्तपुरवठ्यामुळे स्मृतिभ्रंश झाला आहे तो चालणं आधी गमावतो आणि बोलत राहतो. ही पट्टी अल्झायमरसाठी बनलेली असल्याने तो तिच्यात बसत नाही. त्याच्यासाठी ओढूनताणून ७क लिहू नये. सोबतचे आजार आणि एकूण झीज यांवर दाखला उभा करावा. निकषांत तशी जागा आहे.

आणि आपली सवय. नर्स विचारते, 'कशा आहेत?' सून म्हणते, 'बरं चाललंय.' आलेल्या माणसापुढे रडगाणं गाऊ नये हा आपला संस्कार. सासूबाई स्वतः पाहुणी आली म्हणून पदर सावरून बसतात, हसतात, आणि नर्स गेल्यावर चार तास निपचित पडून राहतात. फाइलमध्ये जातं: 'रुग्ण प्रसन्न, तक्रार नाही.' नर्सने विचारायचं ते 'मागच्या मंगळवारपासून काय काय करता आलं नाही?' असं, आणि घरच्यांनी झोपेचे तास, चमचे, पडणं, ताप तारखांसह वहीत टिपून ठेवायचं. याला खोटेपणा म्हणणारे भेटतात. उलट, सभ्यतेपोटी झाकलेलं खरं उघड करणं आहे ते.

कागदच नकोत म्हणणाऱ्यांशी माझा मतभेद याच ठिकाणी आहे. त्यांचा मुद्दा खरा आहे की नर्सचा वेळ पडद्यासमोर जातो, रुग्णाजवळ नाही. पण मोजमाप थांबवलं तर डोस कधी वाढवायचा हे कशावरून ठरवणार? परदेशातून मुलाला केव्हा बोलवायचं हे कुटुंबाला कोण सांगणार? तीन महिन्यांतले चमचे शेजारी शेजारी दाखवले की जे डॉक्टरच्या तोंडून ऐकवत नव्हतं ते घरच्यांना आपोआप कळतं. शिवाय मतभेद कोर्टात जातो तेव्हा टिपणच बोलतं. 'असेराकेअर' या हॉस्पिस कंपनीच्या खटल्यात २०१९मध्ये अकराव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे अमेरिकी केंद्रीय न्यायालयांचा विभाग) अपील न्यायालयाने म्हटलं की दोन डॉक्टरांचं आयुष्याच्या अंदाजाबद्दल प्रामाणिक मत वेगळं पडलं एवढ्यावरून दाखला खोटा ठरत नाही. पुढच्याच वर्षी तिसऱ्या सर्किटने दुसऱ्या खटल्यात वेगळी भूमिका घेतली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये त्यात लक्ष घालायचं नाकारलं. कायदा असा दुभंगलेला असताना डॉक्टरने आपली कारणं न लिहिणं म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणं.

उलट दिशेचा एक धडा मेडिकेअरच्या इतिहासातच आहे. घरपोच नर्सिंग आणि फिजिओथेरपी 'रुग्ण सुधारत नाही' म्हणून बंद केली जात असे. जिमो खटल्यातल्या २०१३च्या तडजोडीने ते थांबलं: प्रकृती टिकवण्यासाठी कुशल देखभाल लागत असेल तर सुधारणेची अट नाही. तिथे सुधारणा नाही म्हणून नकार, इथे घसरण नाही म्हणून नकार. टिकून राहणं ही अवस्थाच दोन्हीकडे दिसत नव्हती. तिथे ती मान्य झाली, मग हॉस्पिसमध्ये का नको?

काही रुग्ण खरोखर सावरतात आणि त्यांनी बाहेर पडलंच पाहिजे, हेही मान्य. विनोदी स्तंभलेखक आर्ट बुकवाल्ड २००६मध्ये डायलिसिस नाकारून हॉस्पिसमध्ये गेले, त्यांचं मूत्रपिंड पुन्हा चालू लागलं, ते बाहेर आले आणि २००७च्या जानेवारीत वारले. पण बाहेर पडणं हा आज कडेलोट आहे. खाट परत जाते, ऑक्सिजनसाठी नव्याने पात्रता सिद्ध करावी लागते, आंघोळ घालणारी मदतनीस बंद होते, औषधांचा खर्च वेगळ्या योजनेवर जातो. डिस्चार्ज देताना निदान तीन महिने खाट, यंत्र आणि आठवड्याला एक नर्सभेट चालू ठेवणारी मधली पायरी मेडिकेअरने बनवावी. २०१६ ते २०२१ या काळात मेडिकेअरने हॉस्पिससारखी देखभाल आणि उपचार एकत्र देण्याचा प्रयोग केला होता आणि त्यात खर्च घटला होता, म्हणजे तिजोरी रिकामी होईल ही भीती पुढे करता येत नाही.

तोपर्यंत कुटुंबांनी एवढं करावं. सेवा बंद होण्याच्या निदान दोन दिवस आधी लेखी सूचना मिळायला हवी; ती मिळाली की तिच्यावर दिलेल्या क्रमांकावर, सेवा संपण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत, तातडीच्या अपिलासाठी फोन करावा आणि वही हाताशी ठेवावी. अपील हरलं तरी वही थांबवू नये. नवा ताप, ठसक्यांची वाढ, पडणं, महिन्यात दोन किलो वजन कमी, झोपेत जाणारे चार जास्तीचे तास, यांपैकी काही दिसलं की त्याच दिवशी हॉस्पिसला कळवावं. परत दाखल होण्यावर संख्येची मर्यादा नाही. पहिले दोन टप्पे वापरून झाले असतील तर थेट साठ दिवसांचा टप्पा सुरू होतो, फक्त त्यासाठी डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरची प्रत्यक्ष भेट व्हावी लागते, तेव्हा ती भेट पहिल्याच फोनमध्ये मागून घ्यावी.